कोकण किनाऱ्यावरची लाकडी होडीबांधणी

महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर लाकडी होडी बांधण्याची एकच एक रीत कधीच नव्हती. सातपाटीची होडी मालवणच्या रापणीला चालत नाही आणि मालवणची होडी सातपाटीच्या चिखलात टिकत नाही. याचे कारण किनाऱ्यातच आहे. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरतीला पाणी सुमारे पाच मीटरपर्यंत चढते. दक्षिणेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला हा फरक कमी होत सिंधुदुर्गात जवळपास निम्म्यावर येतो. उत्तरेला खाड्या रुंद, तळ गाळाचा आणि समुद्र लांबवर उथळ. दक्षिणेला वाळूच्या पुळणी, कातळाचे सडे आणि मध्येमध्ये लहान नद्यांची मुखे. ओहोटीला चिखलात बसणारी होडी, लाटा फोडून पुळणीवर ओढून घ्यायची होडी आणि खोल पाण्यात नांगर टाकून रात्र काढणारी होडी, या तिघींचे बूड वेगळे असावे लागते, पुढची नाळ वेगळी, कडेची उंची वेगळी. बांधणाऱ्याला हे सगळे आधी ठरवावे लागते, आणि तो ते कागदावर ठरवत नाही.

वसई, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यात डोल हे मुख्य जाळे. भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखे फुगून राहणारे हे जाळे समुद्राच्या तळाशी पक्के जखडलेले असते. पाणी फिरायच्या सुमारास ते बोंबील, करंदी, जवळ्यासह वर ओढतात. ओल्या जाळ्याचे आणि मासळीचे सगळे वजन तेवढ्या वेळात होडीच्या एका बाजूवर येते. म्हणून इथली होडी रुंद पोटाची, सरळ बुडाची, पुढून टोकदार. फळ्यांनी झाकलेला भाग फक्त मागे, बाकी पोट उघडे. सातपाटीचे मच्छीमार पापलेटसाठी तरंगती जाळी घेऊन लांब जातात, तेव्हा तिथल्या होडीच्या कडा उंच ठेवलेल्या. रत्नागिरीचा मचवा त्या मानाने अरुंद, बेताच्या उंचीचा, वाऱ्यावर पळणारा. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण चालते: लांबच लांब जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडत जायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या माणसांनी ओढायची. बांगडा आणि तारली यांच्यासाठी सबंध वाडी त्यात उतरते. रापणीच्या होडीला रोज वाळूवर चढावे लागते, म्हणून ती हलकी आणि लवचीक हवी. त्याच भागातल्या लहान, अरुंद होड्यांना एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलंडू लागली की हा ओंडका एका अंगाला तरंगण्याने आणि दुसऱ्या अंगाला वजनाने तिला सावरतो. रुंद पोट न देता स्थैर्य मिळवण्याची ही युक्ती फार जुनी आहे, आणि तिला लाकूड कमी लागते.

होडी वापरणारे समाजही जागेप्रमाणे बदलतात. उत्तरेला कोळी, मांगेला आणि वैती; रत्नागिरीकडे खारवी, भंडारी आणि दालदी मुसलमान; सिंधुदुर्गात गाबीत. बांधणारे बहुतेक ठिकाणी सुतार असले तरी बांधणारा आणि वापरणारा यांच्यात भिंत कधी नव्हती. होडीचा मालक लाकूड आणायचा, मेस्त्री रोजावर किंवा ठरलेल्या रकमेवर काम करायचा आणि होडी चालवणारा तांडेल रोज येऊन बघायचा. मागच्या होडीची नाळ लाटेत फार घुसत होती, हे तांडेलाने सांगायचे आणि पुढच्या होडीत मेस्त्रीने ती थोडी वर उचलायची. पिढ्यान्‌पिढ्या सुधारणा झाली ती याच बोलण्यातून. पुढे आलेल्या नव्या पद्धतीत नेमका हा दुवा तुटला, म्हणून तो इथेच नोंदवून ठेवला पाहिजे.

इतिहासात या कलेच्या खुणा विखुरलेल्या सापडतात. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ उभे आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. ते शिलाहार काळाच्या उत्तरार्धातले मानले जातात. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकांच्या लाकडाचा आणि प्रकारांचा विचार आहे, आणि समुद्रातले लोहचुंबकी खडक लोखंड ओढून घेतील म्हणून फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे सांगितले आहे. कारण खरे नव्हे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्यामागचा खरा फायदा म्हणजे शिवलेली होडी लाटेच्या माराखाली किंचित वाकते आणि फुटत नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकानुशतके शिवलेल्या नौका चालल्या. गोव्यात आणि दक्षिण कोकणात रापणीच्या शिवलेल्या होड्या अगदी अलीकडपर्यंत होत्या. सोळाव्या शतकानंतर खिळ्यांच्या बांधणीचा प्रसार वाढला, तरी पुळणीच्या होडीला शिवण सोडवेना, याचे कारण हेच.

अरबी व्यापाराने आणखी एक मोठी गोष्ट दिली. पुढे झुकलेली डोलकाठी, तिच्यावर तिरकस चढवलेले लांब परबाण आणि त्यावरचे शीड ही जोडी कोकण, गुजरात, मलबार आणि ओमान या सगळ्या किनाऱ्यांवर थोड्याफार फरकाने दिसते. वारा बाजूने आला तरी अशा शिडावर पुढे जाता येते. जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने १९२०च्या सुमारास भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिले, तेव्हा मुंबई-रत्नागिरीच्या मच्छीमार नौकांच्या पुढे झेपावलेल्या नाळेत त्याला अरबी वळण दिसले. हॉर्नेल मत्स्यविभागात काम करणारा अधिकारी होता. नौकांची मापे आणि भाग यांची नोंद ठेवण्याइतकी त्याला त्यांची गोडी होती. आज या विषयावर कुणीही लिहायला बसला तरी त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वसईजवळचे आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. शिवाजी महाराजांनी १६५७नंतर कल्याण-भिवंडी हाती आल्यावर खाडीत नौका बांधायला घेतल्या आणि त्या कामावर सुरुवातीला पोर्तुगीज कारागीरही होते. गुराब, गलबत, मचवा, पडाव, शिबाड अशा आरमारी नौकांतल्या लहान जाती आणि मच्छीमार नौका आकाराने जवळच्या होत्या. वाघोटन खाडीत विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठी आरमाराची गोदी होती. तिचे अवशेष आजही दिसतात. या काळातला सर्वांत मोलाचा मजकूर मात्र लाकडाबद्दलचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, अशा आशयाची सूचना आहे. लाकडाची टंचाई आणि झाडांवरचा हक्क हे दोन्ही प्रश्न तेव्हाही कारभाऱ्यांसमोर होते. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे जहाजे बांधली. मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. मासेमारीच्या होडीला असे भाग्य नसते. ती मोडली की तिची लाकडे चुलीत जातात किंवा घराच्या आढ्याला लागतात, म्हणून तिचा इतिहास वस्तूंतून सापडत नाही.

लाकूड निवडणे हे मेस्त्रीचे पहिले काम, आणि अनुभवी मेस्त्री ते स्वतः जाऊन करत असे. साग सर्वांत चांगला: त्यातल्या तेलामुळे तो पाण्यात कुजत नाही, उन्हात फारसा तडकत नाही आणि लोखंडी खिळ्यालाही त्यात लवकर गंज चढत नाही. पण साग महाग. म्हणून बुडातला मुख्य कणा, ज्याला पठाण म्हणतात, तो बऱ्याचदा ऐनाचा घालत. ऐन जड आणि कणखर, लांब सरळ मिळतो, कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागाला तो चालतो. फळ्यांना साग, नाहीतर ऐन, किंजळ, फणस, उंडी. हलक्या कामाला शिवण. कोरून काढायच्या डोणीला आंबा किंवा सावर. उलांडीच्या ओंडक्याला पांगारा. आतल्या फासळ्यांना, म्हणजे वाकांना, बाभूळ. बाभळीच्या फांद्या वेड्यावाकड्या वाढतात आणि इथे तोच गुण. सरळ लाकडातून कमान कापली तर रेषा तुटतात आणि ताण आला की लाकूड त्या जागी चिरते. निसर्गतः वाकलेल्या फांदीत रेषा वळणाबरोबर वळलेल्या असतात. मेस्त्री बांधावरच्या झाडाकडे बघून त्यातून कुठल्या जागेचा वाक निघेल हे सांगतो. होडीच्या नाळेजवळचा वाक इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद, मधला जवळजवळ सपाट, मागचा पुन्हा आवळता. असे अनेक वाक लागतात, आणि प्रत्येकासाठी वेगळी फांदी शोधावी लागते.

बांधणी पावसाळा संपल्यावर सुरू होते. जागा भरतीच्या रेषेच्या जरा वर, खाडीच्या किंवा पुळणीच्या कडेला, वर झापांचा मांडव. लाकडी ठोकळ्यांवर पठाण आडवे ठेवून पूजा होते, नारळ फुटतो. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांत धर्मगुरू आशीर्वाद देतात. पठाणाची लांबी ठरली की उरलेल्या मापांचा हिशेब मेस्त्रीच्या डोक्यात असतो: रुंदी किती, पोट कुठे सर्वांत मोठे, नाळ किती पुढे झुकवायची, मागचा खांब किती उभा ठेवायचा. पूर्वी हात, वीत आणि अंगूळ ही मापे होती, आता फूट आणि इंच. मापे बदलली तरी प्रमाण तेच राहिले, कारण प्रमाण एका भागाचे दुसऱ्या भागाशी असते.

पठाणाच्या पुढच्या टोकाला नाळ आणि मागच्या टोकाला खांब उभा केला की दोन्हींच्या माथ्यांवरून दोरी ताणतात. पठाणाच्या मध्यरेषेवर ओळंबा सोडून ही दोरी तिच्याशी जुळते का ते पाहतात. पुढची सगळी मापे या दोरीपासून घ्यायची असल्याने इथे बोटभर चूक झाली तर ती होडी आयुष्यभर एका अंगाला ओढत राहते. पठाणाच्या दोन्ही कडांना खाच काढून पहिल्या फळ्या बसवतात. मग पोटाजवळचे दोनचार प्रमुख वाक उभे करतात, त्यांच्यावर फळ्या वळवत नेतात आणि भिंती काही उंचीवर आल्या की उरलेले वाक आतून फळ्यांना तंतोतंत लागतील असे तासून घालतात. जगातल्या बांधणीचे अभ्यासक ‘आधी सांगाडा’ आणि ‘आधी कवच’ असे दोन वर्ग करतात. कोकणची रीत या दोन्हींच्या मधली आहे. तिचा फायदा असा की आकार मेस्त्रीच्या नजरेसमोर तयार होतो आणि मधेच दुरुस्त करता येतो. काम करता करता तो पुन्हा पुन्हा पंधरा-वीस पावले मागे जाऊन नाळेसमोर उभा राहतो आणि एक डोळा मिटून दोन्ही बाजू समान फुगल्या आहेत का ते पाहतो.

फळीला वाक देण्यासाठी ती ओली करून विस्तवावर शेकतात. एक टोक जखडायचे, दुसऱ्या टोकाला दोर बांधून हळूहळू आवळत न्यायचे, मधूनमधून पाणी शिंपडायचे. घाई केली तर फळी मोडते, उशीर केला तर गार होऊन अडून बसते. बसलेल्या फळीला गिरमिटाने भोक पाडतात, ते खिळ्यापेक्षा थोडे लहान. खिळ्याच्या मानेभोवती तेलात भिजवलेले सूत गुंडाळतात, खिळा बाहेरून वाकापर्यंत ठोकून आत निघालेले टोक वाकवून पुन्हा लाकडात बसवतात. डोके फळीत थोडे खोल घालून वरून लांबीने बुजवतात. फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकवण्याची, म्हणजे एका फळीच्या खाचेत दुसरीची जीभ बसवण्याची कसबी जोडणी गुजरात-मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या नौकांत होती आणि अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनीही तिचे कौतुक केले. मासेमारीच्या होडीत ती आता क्वचितच दिसते, कारण तिला वेळ फार आणि लाकूड उत्तम लागते. हत्यारे थोडी: वाकस, करवत, पटाशी, रंधा, गिरमिट, गुण्या, हातोडा. त्यातही वाकस सगळ्यांत महत्त्वाचा. दोन पायांत लाकूड धरून वाकसाने पातळ कपच्या काढत मेस्त्री वाकाला असा उतार देतो की तो फळीला सर्व लांबीभर चिकटतो. रंध्याला हे जमत नाही.

फळ्या कितीही जुळवल्या तरी सांध्यांतून पाणी येणारच. ते अडवण्याच्या कामाला कलफात म्हणतात आणि ते करणारा कारागीर बऱ्याच ठिकाणी वेगळा असे. तो आधी सांध्याचे तोंड बोथट पटाशीने किंचित रुंद करतो. कापसाचे सूत पिळून दोरीएवढे जाड करतो, तेलात बुडवतो आणि लाकडी हातोड्याने सांध्यात थोडे थोडे भरत पुढे सरकतो. पहिला थर खोल गेला की त्यावर दुसरा, गरज पडली तर तिसरा. किती भरायचे हे कान सांगतो: सैल सांध्यावर ठोका पोकळ वाजतो, भरलेल्या सांध्यावर आवाज घट्ट येतो. फार दाबून भरले तर होडी पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते आणि फळ्या खिळ्यांवरून उचलल्या जातात, म्हणून थोडी जागा ठेवावी लागते. वरून राळेची पूड आणि तेल यांची लांबी. नवी होडी पाण्यात उतरल्यावर पहिले काही दिवस थोडे पाणी घेते, मग लाकूड भिजून फुगले की सांधे आपोआप आवळतात. उन्हात फार दिवस पडलेल्या होडीचे सांधे उलट उघडतात, म्हणून ती जास्त पाणी घेते. लाकडी होडीला सततची निगा लागते ती या फुगण्या-आक्रसण्यामुळे.

निगेतला दुसरा भाग म्हणजे किडीपासून बचाव. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या जातीचे किडे असतात. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत फळी पोकळ झालेली असते. बुडाला चुना आणि तेल यांचा जाड लेप, वरच्या भागाला मुशीचे किंवा उंडीचे तेल, पुढे डांबर आणि मग कारखान्यातले रंग, असे उपाय होत आले. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे होडी ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढणे, कारण सुकलेल्या लाकडात हे किडे जगत नाहीत. पावसाळ्यात मासेमारी थांबते, तेव्हा हे आपोआप साधते. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पूर्वी ही सुट्टी नारळी पौर्णिमेपर्यंत चालायची. होड्या वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात. खिळे बदलणे, कलफात नव्याने भरणे, कुजलेली फळी काढणे ही सगळी कामे या दोन महिन्यांच्या आगेमागे होतात, आणि एखाद्या गावात मेस्त्री टिकून राहतो तो नव्या होड्यांपेक्षा या दुरुस्तीवर.

इंजिन आले ते १९५०च्या दशकात, आणि सातपाटी-वसईच्या पट्ट्यात ते लवकर रुजले. वरवर पाहता होडी तीच राहिली, शीड गेले आणि मागे यंत्र बसले. प्रत्यक्षात बांधणी आतून बदलली. इंजिनाचे वजन सोसण्यासाठी पठाणावर जाड लाकडांची बैठक आली. पंख्याला जागा देण्यासाठी मागचा खांब बदलला, टोकदार मागील बाजू अनेक ठिकाणी रुंद आणि सपाट झाली. यंत्राच्या थरथरीने खिळे सैल होऊ लागले म्हणून वाक अधिक जवळ-जवळ बसवावे लागले आणि जोडकामात बोल्ट आले. शिडाच्या होडीला वाऱ्याविरुद्ध घसरू नये म्हणून खोल आणि निमुळते बूड लागे. इंजिनाला ती गरज उरली नाही, तेव्हा पोट फुगवून बर्फ आणि मासळीसाठी जागा काढली. ट्रॉलर आले, मासळीच्या शोधात लांब जाणे आले, केबिन आली. लहान होड्यांना बाहेरून लावायची इंजिने आली. या सगळ्यांत कोकणच्या मेस्त्रींनी आराखडा हातात नसताना बदल पचवला, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. परंपरा म्हणजे जुन्या आकाराची नक्कल, असे मानणाऱ्यांनी हे काम जवळून पाहिले पाहिजे.

खरी अडचण लाकडाने केली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४चा आहे. साग, ऐन, फणस, आंबा यांसारखी झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशाने जंगलातली तोड मंजूर आराखड्याशिवाय बंद झाली आणि विनापरवाना आरागिरण्यांवर बंधने आली. जंगलासाठी हे आवश्यकच होते. सह्याद्रीतला मोठ्या घेराचा साग आधीच दुर्मीळ झाला होता. मग आयात लाकूड आले. म्यानमारने १ एप्रिल २०१४पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि तिथला सागही आक्रसला. होडी मोठी होत गेली त्याच काळात लांब आणि जाड लाकूड दुष्प्राप्य होत गेले. पूर्वी एका लाकडाचे असणारे पठाण आता दोन किंवा तीन तुकडे सांधून करावे लागते, आणि सांधा म्हणजे कमकुवत जागा. मालकाला पैसे उभे करताना घरातले दागिने गहाण टाकावे लागतात किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास महामंडळाची कर्जे मिळाली, त्यांचा आधार मोठा होता.

या पोकळीत फायबरची होडी आली. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात अंथरून त्यावर राळेसारखे रसायन चढवत जायचे; सुकले की एकसंध कवच बाहेर काढायचे. तिला कीड लागत नाही, कलफात लागत नाही, ती हलकी असल्याने इंधन कमी खाते आणि थोड्या दिवसांत तयार होते. मच्छीमाराने ती घेतली तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या आणि नारळाच्या लाकडावर औषधी प्रक्रिया करून त्याच्या होड्या करून पाहिल्या, लाकडावर फायबरचे आवरण चढवण्याचे प्रयोगही झाले. कोकणात या मधल्या वाटा म्हणाव्या तशा रुजल्या नाहीत. लाकडी होडीवर वरून फायबर चढवताना आतले लाकूड ओले राहिले तर ते झाकणाखाली कुजते, ही त्या उपायातली मोठी मेख आहे.

फायबरचा तोटा वेगळ्या ठिकाणी आहे. साचा महाग असतो, म्हणून त्यातून शक्य तितक्या होड्या काढाव्या लागतात. वसईचा चिखल आणि मालवणची पुळण यांना मग एकच बूड. तांडेलाच्या सूचनेवरून नाळ बोटभर उचलणे साच्यात होत नाही. फायबरची जुनी होडी मातीत मिसळत नाही आणि तिचे काय करायचे याची व्यवस्था किनाऱ्यावर कुठेच नाही. अनेक बंदरांच्या कडेला फुटकी कवचे पडून आहेत. दुरुस्तीचे गणितही एकतर्फी नाही. नोव्हेंबर २००९मधले फयान, ३ जून २०२० रोजी रायगडात शिरलेले निसर्ग आणि मे २०२१मधले तौक्ते या वादळांनी नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. लाकडी होडीचे तुटलेले वाक आणि फळ्या बदलता येतात, पण त्यासाठी गावात मेस्त्री आणि वखारीत लाकूड हवे. दोन्ही नसतील तर दुरुस्त होण्याजोगी होडीही भंगारात जाते.

शेजारच्या किनाऱ्यांकडे पाहिले तर कोकणची स्थिती अधिक नाजूक आहे हे दिसते. कच्छमधले मांडवी आणि केरळमधले बेपूर इथे मोठी लाकडी जहाजे अजून बांधली जातात, कारण त्यांना आखाती देशांतला व्यापारी किंवा हौशी गिऱ्हाईक आहे. कोकणच्या मेस्त्रीचे गिऱ्हाईक गावातला मच्छीमार. त्याची ऐपत हीच या धंद्याची मर्यादा. दुसरीकडे, सरकारी पाठबळ मिळाले की काय होऊ शकते हे गोव्यात दिसले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून कल्पलेली शिवलेली नौका तिथे केरळच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवून बांधली आणि मे २०२५मध्ये कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाली. तिचा आराखडा कुठेच उपलब्ध नव्हता. चित्र, कारागिरांचे ज्ञान आणि मद्रास आयआयटीतल्या चाचण्या यांवरून तो तयार करावा लागला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या जहाजाचा आराखडा नसणे समजण्यासारखे आहे. सातपाटीच्या किंवा हर्णैच्या चालू होडीचाही तो सहसा नसतो, ही मात्र खटकणारी गोष्ट आहे.

या कामात मुले येत नाहीत, याची कारणे मेस्त्रीच्या घरी विचारली तर लगेच कळतात: काम हंगामी, रोज अनिश्चित, आणि तेच हात फर्निचरच्या किंवा बांधकामाच्या धंद्यात अधिक आणि नियमित कमावतात. शिकणे बघून आणि हाताखाली राहूनच होते, त्याला वर्षे लागतात. २०१०च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे नोंदली गेली. त्या गणनेत माणसे, होड्या आणि जाळी मोजली गेली. होडी बांधणारे हात मात्र त्यात स्वतंत्रपणे दिसत नाहीत, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी योजना होत नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक मोठ्या बंदरातल्या निदान एका चालू लाकडी होडीची मापे घेऊन रेखाटने करणे, बांधणी पठाणापासून पाण्यात उतरेपर्यंत चित्रित करणे, भागांची आणि हत्यारांची गावोगावची नावे लिहून ठेवणे हे काम रत्नागिरीजवळच्या शिरगाव मत्स्य महाविद्यालयाचे विद्यार्थी एका अभ्यासक्रमात करू शकतात. वन विभागाच्या लागवडीतला साग, ऐन आणि बाभूळ मच्छीमार संस्थांना रास्त भावाने राखून देता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, विक्रीचे धोरण बदलावे लागते. किनाऱ्यावरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत होडीदुरुस्तीचा वर्ग काढून त्यावर मेस्त्रीला शिक्षक म्हणून नेमता येईल, पदवीची अट बाजूला ठेवून. यातली पहिली गोष्ट सर्वांत आधी व्हायला हवी. लाकूड उशिरा मिळाले तरी होडी बांधता येते. मापे ज्याच्या डोक्यात आहेत तो मेस्त्री गेल्यावर ती पुन्हा मिळत नाहीत, म्हणून येत्या हंगामातच कुणीतरी वही आणि मोजपट्टी घेऊन त्याच्या मांडवात जाऊन बसावे.